रविवारच्या बाजारी गिरणी सुरू ठेवणे हा आज्ञाभंग आहे का?

गिरणीवाला (प्रश्न)

सर्वांस सप्रेम सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका बाजारच्या गावी आमची पिठाची गिरणी आहे आणि गावचा आठवडे बाजार रविवारी भरतो. वाड्यावस्त्यांवरची माणसे सकाळीच बाजरी-गव्हाचे डबे गिरणीत ठेवून बाजारात जातात आणि परतताना दळण घेऊन जातात, त्यामुळे आठवड्याच्या कमाईतला मोठा वाटा त्या एका दिवसाचा असतो. वडील होते तोवर रविवारी ते गिरणी पाहत आणि मी उपासनेला जाई. ते गेल्यापासून माझी उपासना बहुतेक वेळा चुकते.

गेल्या महिन्यात मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका ज्येष्ठांनी गिरणीतच बसून मला बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय वाचून दाखवला. शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवशी, गाढवांवर धान्य लादून यरुशलेमेत आणणाऱ्यांना नहेम्याने दटावले आणि वेशी बंद करवल्या, हा भाग वाचताना त्यांची नजर ओळीने मांडलेल्या डब्यांवर होती. आमच्या पाळकांचे म्हणणे मात्र असे की आपण नियमशास्त्राच्या (मोशेद्वारे दिलेल्या नियमांच्या) नव्हे, तर कृपेच्या अधीन आहोत, तेव्हा मनाला टोचणी लावून घेऊ नये. मला दोघांचेही पुरते पटत नाही. दहा आज्ञांपैकी शब्बाथ पाळण्याची चौथी आज्ञा आज लागू नसेल तर खून करू नको, चोरी करू नको या आज्ञा कशाच्या बळावर लागू राहतात? आणि ती लागू असेल, तर तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने होते असे आपण कोणत्या तोंडाने सांगतो?

निवृत्त गुरुजी

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञांच्या आधी एक वाक्य आहे, जे आपण पाठांतरात बहुधा गाळतो: मिसरातून, दास्यगृहातून ज्याने तुला बाहेर आणले तो मी तुझा देव परमेश्वर. म्हणजे सुटका आधी झाली, समुद्र आधी ओलांडला गेला, आणि जिथे आज्ञा मिळाल्या तो सीनाय पर्वत नंतर आला. गुलामांना मिसरातच आज्ञा देऊन ‘या पाळल्यात तर सोडवीन’ असे देवाने म्हटले नाही. १५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत, दहा आज्ञांचे विवेचन कृतज्ञतेच्या भागात येते, पापाच्या आणि तारणाच्या भागांनंतर, ते याच क्रमाला धरून. ‘माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल,’ असे प्रभू योहानाच्या चौदाव्या अध्यायात म्हणतो. तिथेही प्रीती आधी आहे. आपले पाळक कृपेविषयी बोलतात ते रोमकरांस पत्रातले आणि खरे, पण त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल लगेच विचारतो की कृपेच्या अधीन आहोत म्हणून पाप करावे काय, आणि स्वतःच ‘कदापि नाही’ असे उत्तर देतो. ते वाक्यही त्यांनी आपल्याला सांगायला हवे होते.

आता चौथ्या आज्ञेविषयी. बाकीच्या आज्ञा नव्या करारात पुन्हा ठामपणे येतात, परंतु विशिष्ट दिवस पाळण्याच्या बाबतीत पौल रोमकरांस १४ मध्ये ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी असे म्हणतो आणि कलस्सैकरांस २ मध्ये शब्बाथावरून कोणी तुमचा न्याय करू नये असे बजावतो. ल्यूथरपंथीयांच्या १५३० सालच्या आउग्सबुर्ग कबुलीतही (त्यांच्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनात) रविवार हा तारणासाठी आवश्यक नियम म्हणून लादलेला नाही, असेच मत आहे.

मग आपल्याकडे ही कडक शिस्त आली कुठून? १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आलेले अमेरिकन मिशनरी अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांतून आले होते, आणि त्या परंपरेत रविवार म्हणजेच ख्रिस्ती शब्बाथ मानला जाई. आपले ज्येष्ठ त्याच वळणात वाढलेले असावेत. त्यांना धारेवर धरू नका. तरण्या वयात आम्हालाही रविवारी पत्ते खेळताना धरले जाई.

वसईची वाचक

आम्हा कॅथलिकांच्या गणनेत ही तिसरी आज्ञा आहे, चौथी नव्हे, त्यामुळे वाचताना क्षणभर गोंधळले. आमच्याकडे रविवारचा मिस्सा (उपासना) चुकवू नये हे बंधन आहेच, पण शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने ते पूर्ण होते. उपासनेला आणि विश्रांतीला आड येणारी कामे टाळावीत असाही नियम आहे, मात्र कुटुंबाची खरी गरज असेल तर त्यातून मोकळीक मिळते. माझे आजोबा रविवारी वाडीत कुदळ मारत नसत, पण भाजीला पाणी दिल्याशिवाय राहत नसत. तुमच्या मंडळीला शनिवारी संध्याकाळी उपासना ठेवता येणार नाही का?

सातवा दिवस

आज्ञेत सातवा दिवस म्हटले आहे आणि तो शनिवार आहे. रविवारची सुट्टी इ.स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकुमाने आली. शनिवारी गिरणी बंद ठेवा, रविवारी खुशाल दळा.

निवृत्त गुरुजी

रविवारची उपासना त्या हुकुमाच्या पुष्कळ आधीची आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने तिचे वर्णन केले आहे. हुकूम सुट्टीचा होता, आणि गंमत म्हणजे त्यातही शेतकऱ्यांना शेतीच्या कामाची मुभा होती. शनिवार-रविवारचा वाद इथे वाढवू नये, ही विनंती.

माजी संडेस्कूल शिक्षिका

इतके वाचून झाल्यावर मला एक साधी गोष्ट विचारावीशी वाटते: गिरणीत तुमच्याबरोबर आणखी कोण असते? ही आज्ञा पुन्हा एकदा सावकाश वाचा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरे, तुझ्या वेशीच्या आतला परका, अशी सगळी नावे तिच्यात घेतली आहेत. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर कारणही दिले आहे की तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. मालकाने किती वाजता शटर ओढावे एवढ्यापुरती ही आज्ञा नाही. ती त्याच्या हाताखालच्या माणसाच्या बाजूने बोलते. ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही,’ हे प्रभूचे वाक्य आपण स्वतःला सवलत मिळावी म्हणून वापरतो, पण त्यातला मनुष्य म्हणजे फक्त मालक नव्हे.

तुमच्या ज्येष्ठांनी नहेम्या वाचला तसा आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचा आठवा अध्यायही वाचायला हवा होता. शब्बाथ कधी संपतो आणि आम्ही गव्हाची कोठारे कधी उघडतो, असे म्हणणारे व्यापारी तिथे दिवस काटेकोर पाळतात आणि माप मात्र लहान करतात. म्हणून रविवारइतकीच काट्याचीही चौकशी व्हावी. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण तो माणसाचा जीवच गहाण घेणे होय, असेही नियमशास्त्रात आहे. गिरणी हे पोट आहे हे ते जाणते. तुम्ही उपासनेपुरती गिरणी बंद ठेवावी असे मला वाटते, पण मदतनिसाला आठवड्यातून एक पूर्ण पगारी दिवस मिळतो की नाही, हे आधी पाहावे.

गिरणीवाला

सर्वांचे आभार. खरे सांगायचे तर बाईंचा प्रश्न वाचून मी बराच वेळ उत्तर लिहू शकलो नाही. माझ्याकडे एक मदतनीस आहे, ख्रिस्ती नाही, वडिलांच्या काळापासूनचा. दगडांना टाकी द्यायची असते त्या दिवशीही तो येतो, आणि वर्षाकाठी दिवाळी आणि गावची जत्रा सोडली तर त्याला सुट्टी नसते. काट्याविषयी म्हणाल तर तो बरोबर आहे. दळताना होणारी तूट किती धरायची हे मात्र आम्हीच ठरवत आलो, ते गिऱ्हाइकांना विचारून ठरवायला हवे होते.

या रविवारी नऊ ते साडेअकरा गिरणी बंद ठेवली आणि दारावर खडूने वेळ लिहिली. चार-पाच डबे शेजारच्या गिरणीत गेले, बाकीचे थांबले. मदतनिसाला मंगळवारची पगारी सुट्टी घे म्हटले, तर तो म्हणाला की मंगळवारी पोरे शाळेत असतात, सुट्टी द्यायची तर रविवारची द्या. पूर्ण रविवार एकट्याने दळण माझ्याने होणार नाही. महिन्यातले दोन रविवार त्याला द्यावेत आणि त्या दिवशी बाजरी तेवढीच घ्यावी, असा विचार आहे. गव्हाचे डबे शनिवारी आणून ठेवायला लोक तयार होतात का, ते विचारतो आहे.