तटाचा उतार शत्रूसाठी की भरावासाठी?

कातळवेडा:
जपानातला कुमामोतो किल्ला पाहून आलो. काटो कियोमासाने 1607 मध्ये पुरा केलेला. तट पायाशी इतका पसरट, की खालचे चार दगड पोरंही चढतील. वर जाता जाता तो कलत कलत जवळजवळ उभा होतो. गाइड सांगतो, ही ‘मुशा-गाएशी’, म्हणजे चढणाऱ्या योद्ध्याला माघारी धाडणारी भिंत.

मला नाही पटत. दगड चुन्याशिवाय रचलेले, पाठीमागे भराव. तट सरळ उभा रचला असता तर पावसाळ्यात त्याने पोट काढलं असतं. उतार आहे तो भरावाचा रेटा झेलायला, शत्रूबित्रू नंतर. उताराने शत्रू अडत असता, तर देवगिरीचा कडा यादवांनी ताठ उभा कशाला तासला? चांगला 50 मीटर आहे तो!

खंदकातला बेडूक:
अहो, देवगिरीला अखंड कातळ आहे. त्याचा पाया कोण पोखरणार? रचलेला तट पोखरता येतो. सीरियातला क्रूसेडरांचा किल्ला क्राक दे शेव्हालिए घ्या. 1271 मध्ये मामलुक सुलतान बैबार्सच्या माणसांनी बाहेरच्या तटाचा नैर्ऋत्येचा बुरूज खालून पोखरून पाडला. आतल्या तटाच्या पायाशी मात्र दगडी उताराचा असा अजस्र थर आहे, की तिथे पहार मारत बसणं म्हणजे जन्म घालवणं. आतला भाग शेवटी बोलणी होऊनच हाती आला.

शिवाय उभ्या तटावरून सोडलेला धोंडा पायथ्याशीच पडतो. उतारावर आपटला की उसळून थेट गर्दीत.

कातळवेडा:
क्राकला 1170 च्या भूकंपाने तडाखा दिला होता, तो उतार त्यानंतरचा. म्हणजे धास्ती कुणाची होती?

नगरी:
आमच्या नगरच्या भुईकोटाला खंदकाबाहेर मातीचा ढाळ आहे, तो तोफगोळ्यांपासून तट झाकायला. त्याला या वादात ओढू नका, तो प्रकारच वेगळा. पण शिडीचं कुणीच बोललं नाही. 8 ऑगस्ट 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या लोकांनी शहराचा कोट शिड्या लावूनच घेतला. उतरता तट असला की तेवढ्याच उंचीला शिडी लांब लागते, आणि लांब शिडी मधे लचकते. घरी माळ्यावर चढून बघा.

कातळवेडा:
शिडीचा मुद्दा मान्य. पण कुमामोतोतच एका कोपऱ्यात दोन तट शेजारी शेजारी आहेत. जुना जास्त कललेला, नंतर जोडलेला जास्त उभा. उतार शत्रूसाठी होता, तर पुढच्यांनी तो कमी का केला?

खंदकातला बेडूक:
कारण माथ्याशी जागा जास्त मिळते, आणि तोवर गवंड्यांचा हात बसला होता. अन् 1877 च्या बंडात बंडखोर साइगोची फौज कुमामोतोला वेढा घालून पन्नासेक दिवस बाहेरच तिष्ठत राहिली, त्याचं काय?

कातळवेडा:
आत बंदुका होत्या हो!