टायगर मॉथ घरीच उभं करतोय: जाम झालेलं गिप्सी मेजर, जुनं लाकूड आणि कापड

होटगी_रोडकर
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये टायगर मॉथ या जुन्या विमानाचा सांगाडा आहे. गिप्सी मेजर इंजिन पूर्ण जाम, कापड फाटलेलं. वडील, आत्या, मी आणि दोन पोरं (12 आणि 15 वर्षं) मिळून काम करणार. विमान उडवायचं नाही, पण इंजिन चालू करायचंच. ते सोडवायचं कसं? पंखांतल्या लाकडावर भरवसा कितपत ठेवायचा? आणि गावात इतके माग आहेत, तर इथलंच कापड चालेल का?

तेलकट_हात
प्रोपेलरला लोंबकळून जोर लावू नका. पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरच्या भिंतीला धरलेल्या असतात, त्या तुटतात, आणि लाकडी प्रोपेलर हबच्या बोल्टांपाशी चिरतो.

हे इंजिन उलटं आहे: क्रँक वर, चारही सिलिंडर खाली. त्यामुळे प्लगच्या भोकातून ओतलेलं तेल हेडमध्येच साचतं, रिंगांपर्यंत पोचत नाही. बहुतेकांचे महिने इथेच वाया जातात. मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) आणि कार्बोरेटर उतरवा, इंजिन फिरत्या स्टँडवर घ्या आणि पालथं करा, म्हणजे सिलिंडर वर येतील. तेलाची टाकी वेगळी असते, त्यामुळे फार सांडत नाही. आठही प्लग काढा (सिलिंडरला दोन) आणि एटीएफ (गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल) व अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येकात साधारण 50 मिली सोडा. आपल्याकडच्या उन्हात अ‍ॅसिटोन लगेच उडतं, म्हणून रोज थोडी भर घाला. आठ-दहा दिवसांनी हबला लांब दांडा लावून मागे-पुढे अगदी थोडं हलवत राहा.

सुटलं की लगेच पेट्रोल घालायचा मोह आवरा. सिलिंडर उतरवून बोअर (आतला व्यास) वर, मध्ये, खाली आणि आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी मोजा. मूळ माप 118 मिमी. फिन्समधली (सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या पात्या) कुंभारमाशीची मातीची घरं तारेने टोकरून काढा. हवा एका बाजूने येऊन फिन्समधून पलीकडे जाते, एक जागा तुंबली की तेवढाच सिलिंडर भाजतो.

मॅग्नेटो थंड असताना छान ठिणगी देईल आणि वीस मिनिटांत मरेल. कॉइलचं जुनं इन्सुलेशन आणि कंडेन्सर तापल्यावर वीज गळू देतात. म्हणून बेंचवर ड्रिलने फिरवून, चांगला गरम होऊ द्या आणि मगच पास करा.

लाकूड_आणि_डोप
टायगर मॉथचा धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख स्प्रूस लाकडाचे. खरी भीती पंखांची. जुन्या जोडांत केसीनचा (दुधापासूनचा) गोंद असतो, तो ओल लागली की कुजतो. स्पारचं (पंखाच्या लांबीभर जाणारा मुख्य दांडा) मुळाकडचं टोक आणि लोखंडी फिटिंगखालचा भाग आधी पाहा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका: टणक आवाज हवा, भद्द आला तर आत पोकळी. लाकडाच्या रेषांना आडवी जाणारी केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती दाबाने पडलेली चीर. तो स्पार बाद, गोंद भरून चालत नाही.

तुकडा जोडायचा तर तिरका जोड, उतार जाडीच्या 10 ते 12 पट लांब. सागवान लावू नका. जड तर आहेच, शिवाय तेलकट असल्याने गोंद नीट धरत नाही. इपॉक्सी गोंद लावायचं काम डिसेंबर-जानेवारीत घ्या. एप्रिलमध्ये तुमच्या पत्र्याखाली मिश्रण डब्यातच आवळून येईल.

आता कापड. चादर-टॉवेलची वीण उपयोगाची नाही. जुनं विमानाचं सुती कापड म्हणजे साधी घट्ट वीण, दोन्ही दिशांनी इंचाला 80 ते 84 धागे. नुसतं ठेवायच्या विमानाला असं कापड इथल्या मागावर विणून घेतलं तर माझी हरकत नाही, उलट सोलापूरला ते शोभेल. पुढेमागे उडवायचा विचार आला, तर मात्र प्रमाणित कापडच लागेल आणि प्रत्येक टप्प्यावर परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंता) सही.

पॉलिएस्टर घेतलंत तर इस्त्रीने ताणावं लागतं: आधी 121 अंश, शेवटी 177. त्यापुढे गेलं की ताण सुटतो आणि परत येत नाही. घरच्या इस्त्रीचा आकडा खरा नसतो, थर्मामीटरने तपासा.

जुनं कापड फाडण्याआधी रिबवरच्या, म्हणजे पंखाच्या फासळ्यांवरच्या, टाक्यांची अंतरं लिहून काढा. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. आत्यांचा हात शिवणात असेल तर हे काम त्यांच्याकडेच द्या. पावसाळ्यात डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) लावू नका, दमटपणाने पांढुरका पडतो. शेवटी चंदेरी डोपचे हात, आत बल्ब धरला तर उजेड बाहेर दिसेनासा होईपर्यंत. कापड उन्हाने मरतं, आणि ते वाचवतो तो हाच थर.

होटगी_रोडकर
मनापासून आभार. पोरांना कोणतं काम देऊ?

तेलकट_हात
नटबोल्टांना चिठ्ठ्या लावणं, फोटो, फिन्सची सफाई, टाके भरताना पलीकडून सुई परत देणं. डोपजवळ अजिबात नको. नायट्रेट डोप भयंकर पेटतो, ठिणगी पुरते.

आणि प्रोपेलर कायम जिवंत समजा. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे स्विचने त्याची वायर अर्थ करायची. ती वायर तुटली असेल तर स्विच बंद दिसतो, मॅग्नेटो चालूच असतो. चालू करण्याआधी दोन्ही स्विच बंद ठेवून मोठ्यांनीच प्रोपेलर हळू फिरवायचा. मध्येच अडला तर त्या सिलिंडरच्या हेडमध्ये तेल साचलंय. रेटू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. उलटाही फिरवू नका, तेल इनटेकमध्ये ढकललं जातं आणि चालू होताच परत आत ओढलं जातं. प्लग काढा, तेल गळू द्या, मग पुढे.