तिसरीच्या मुलांना जूनमध्येच कविता लिहायला लावावी का?

खडूफळा
शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. कविता 'करायची' आठवण मात्र बहुतेक ठिकाणी 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या हस्तलिखितापुरती होते. तोवर मुलांना उत्तरं फळ्यावरून उतरवायची सवय लागलेली असते, मग कविताही उतरवलेलीच येते. म्हणून तिसरी-चौथीत हे पहिल्या पंधरवड्यातच सुरू करावं. फक्त महिनाभर यमक बंद.

पहिल्या तासिकेत पेन्सिलच काढायची नाही. डोळे मिटून दोन मिनिटं पाऊस ऐकायचा आणि काय ऐकू आलं ते सांगायचं. शिक्षकाने मुलाचाच शब्द फळ्यावर लिहायचा, सुधारून नाही. 'रिमझिम' हमखास येतं, कारण ते पुस्तकातलं आहे. तेव्हा विचारायचं: पत्र्यावर कसा वाजतो? पागोळ्या कशा पडतात? मग 'ताडताड' येतं, 'थबथब' येतं. बारा-पंधरा शब्द पुरेत. त्यातून 'पाऊस पत्र्यावर ___' अशा एकाच साच्याच्या तीन ओळी करायच्या आणि चौथी ओळ साचा मोडणारी. खरी कविता त्या चौथ्या ओळीत असते, तिथे घाई करू नये. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून, दुसऱ्या दिवशी जोडीने, तिसऱ्या दिवशी एकेकट्याने. तिन्ही एकाच तासिकेत कोंबलं की वर्गभर एकच कविता तयार होते, फळ्यावरची.

यमक बंद का, तर मराठीत क्रियापद शेवटी येतं. आला, गेला, झाला, न्हाला हे यमक फुकटात मिळतं. 'पाऊस आला, बेडूक न्हाला, बंडू पळाला, राजा झाला.' राजा कुठून आला? यमकातून!

वाचनकट्टा
सहमत नाही. दीड महिन्याच्या सुट्टीनंतर तिसरीतली कितीतरी मुलं जोडाक्षरापाशी अडखळतात. जून हा मागच्या इयत्तेच्या उजळणीचा महिना. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचा भर तिसरीअखेर मूल समजून वाचतंय आणि साधी आकडेमोड करतंय का यावर आहे. त्यात चार वर्गांना दोन शिक्षक असतील तर तुमची तीन दिवसांची पद्धत कुठे बसवायची?

दुसरं असं की कवितेत कच्चेपण लपतं. तीन शब्दांची ओळ लिहिली की कर्ता-क्रियापदाचा मेळ, विरामचिन्हं, सगळ्यातून सुटका. आधी पाच सलग वाक्यं लिहिता येऊ देत, दिवाळीनंतर कविता घ्या.

ओवीकार
माझा विरोध यमकबंदीला. 'ये रे ये रे पावसा' पाठ असलेलं मूल यमक कानात घेऊनच शाळेत येतं, तेच काढून घेतलं तर हाताशी काय उरलं? बंदी घालायचीच तर ओळीच्या शेवटी क्रियापद आणायला घाला. 'पाऊस आला कौलावर' म्हटलं की पुढच्या ओळीला 'कौलावर'शी जुळणारं नाम शोधावं लागतं, आणि तिथे मूल विचार करतं.

सोबत अष्टाक्षरी द्या. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, ओळीत फक्त आठ अक्षरं. अंगठे सोडले की दोन्ही हातांची बोटं बरोबर आठ.
काळे ढग आले दाट
चिखलाची झाली वाट
एका बोटावर एक अक्षर. बोट उरलं तर अक्षरं कमी, बोटं अपुरी पडली तर जास्त.

खडूफळा
बोटांची युक्ती आवडली, पण ती टाळ्या वाजवून करू नका. 'ढग' आपण 'ढग्' म्हणतो, म्हणजे एक टाळी, पण अक्षरं दोन. 'दाट'चं तसंच. टाळ्यांवर तुमची पहिली ओळ सहाचीच भरते आणि मूल दोन अक्षरं उगाच घुसडतं. ओळ आधी लिहायची, मग लिहिलेल्यावर बोट ठेवत मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं: 'पत्र्यावर' चारच, प-त्र्या-व-र. म्हणजे वाचनकट्टा, तुमची जोडाक्षरांची उजळणी इथेच झाली की!

यमकाचं म्हणाल तर क्रियापदबंदी चौथीला झेपेल, तिसरीला जूनमध्ये नाही.

पाड्यावरून
सगळे पावसावरच अडलात. मराठवाड्यात कित्येकदा अख्खा जून कोरडा जातो, तिथे मूल पाऊस पुस्तकातूनच आणणार आणि 'रिमझिम'च लिहिणार. विषय त्या दिवशी समोर असेल तो घ्या: नव्या पुस्तकाचा वास, घट्ट झालेली चप्पल, कुलूप उघडल्यावर वर्गात दिसलेली कोळिष्टकं.

मोठा प्रश्न घरच्या भाषेचा. नंदुरबारला पावरी-भिली, गडचिरोलीत माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी यमक म्हणजे दुहेरी ओझं. शब्द गोळा करताना त्याचा शब्द ऐकू येईल तसा देवनागरीत लिहा, मराठी शब्द शेजारी लिहा. खोडून त्यावर नको. शिक्षकाला तो शब्द येत नसेल तर वर्गातलं दुसरं मूल सांगतं.

वाचनकट्टा
हे पटलं. आता तपासणीचं बोला. चाळीस वह्यांवर लाल शाई फिरवली तर मुलं लिहायची थांबतात, नाही फिरवली तर 'पाउस' कायमचा बसतो.

खडूफळा
कच्च्या कागदावर शाई नाहीच. मुलाने स्वतःची ओळ मोठ्याने वाचायची, अडखळेल तिथे ते स्वतःच बदलतं. रोज आठ मुलं घेतली तर चाळीसचा वर्ग पाच दिवसांत होतो. शुद्धलेखन फक्त भिंतीवर लावायच्या प्रतीत, तेही एका वेळी एकच चूक: या आठवड्यात 'ऊ' म्हणजे फक्त 'ऊ'. दोन-शिक्षकी शाळेत पहिली-दुसरीने शब्द सांगायचे, तिसरी-चौथीने ओळी करायच्या, फळा एकच. आणि तुमची पाच वाक्यं त्याच शब्दांतून नंतर लिहून घ्या, माझी हरकत नाही.

वाचनकट्टा
नंतर का? आधी वाक्यं, मग त्यातून कविता.

खडूफळा
कारण आधी वाक्यं मागितली की 'मला पाऊस खूप आवडतो' येतं, आणि मग कवितेतही तेच येतं.

वाचनकट्टा
तिसरीतलं मूल ते न बघता, एकट्याने, बिनचूक लिहीत असेल तर जूनमध्ये मला तेवढं पुरे.