वर्डप्रेस + ह्युगो: काही पानं ४०४, सकाळच्या पोस्ट दुपारी

गोदाकाठ
आमची नाशिकच्या माहितीची साइट आहे. घाट, बस, पार्किंग, पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग असलं सगळं. साधारण १,४०० पोस्ट, सगळ्या मराठीत. गोदेला पाणी चढलं की वाचक तुटून पडतात आणि शेअर्ड होस्टिंग (अनेक साइटींचा सामाईक सर्व्हर) मान टाकतं. २०२७ च्या सिंहस्थात काय होईल हे सांगायला नको. लिहिणाऱ्यांचा हात वर्डप्रेसवर बसलाय, ते हलवायचं नाही. म्हणून वर्डप्रेस सबडोमेनवर पासवर्डमागे टाकलं. रेस्ट एपीआयने (वर्डप्रेसमधला मजकूर स्क्रिप्टला देणारी सोय) पोस्ट ओढायच्या, ह्युगोने (तयार एचटीएमएल पानं बनवणारं साधन) पानं काढायची आणि आरसिंकने (फायली जुळवून पाठवणारं साधन) लिनक्स सर्व्हरवर चढवायची, असं चालू आहे.

अडचणी तीन. बरीच पानं फोल्डरमध्ये दिसतात, पण ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे पान सापडत नाही. सकाळी ७ ला टाकलेली पोस्ट दुपारपर्यंत उगवत नाही, बिल्डमध्ये (ह्युगो पानं बनवतं तेव्हा) एररही नाही. आणि शेड्यूल केलेल्या पोस्ट वेळेवर प्रकाशितच होत नाहीत.

सातपूरकर
ह्युगो खरंच हवंय का? सिम्पली स्टॅटिक प्लगइन वर्डप्रेसचीच पानं चाळून एचटीएमएल काढून देतं, थीम आहे तशी राहते. अर्थात १,४०० पोस्ट शेअर्ड होस्टिंगवर काढायच्या म्हटल्या तर पीएचपीच्या वेळमर्यादेत मध्येच अडकू शकतं.

निफाड लाइन
इतकं जमवलंय तर ह्युगोच ठेवा. तुमचे ४०४ स्लगमुळे (पानाच्या पत्त्यातलं नाव) आहेत.

एपीआय स्लग देतं तो टक्केवारीच्या चिन्हांनी एन्कोड केलेला, म्हणजे 'ग'ऐवजी '%e0%a4%97'. तोच फोल्डरचं नाव म्हणून लिहिला की डिस्कवर खरोखर टक्क्यांच्या चिन्हांचं फोल्डर बनतं. सर्व्हर मात्र आलेली यूआरएल आधी डीकोड करतो आणि देवनागरी नावाचं फोल्डर शोधतो. ते नसतंच. स्क्रिप्टमध्ये स्लग डीकोड करा, पूर्ण मार्ग फ्रंट मॅटरच्या (फाइलीच्या डोक्यावरची माहिती) 'यूआरएल'मध्ये द्या, ह्युगोला शीर्षकावरून मार्ग बनवू देऊ नका. ह्युगोच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) 'रिमूव्ह पाथ अ‍ॅक्सेंट्स' चालू असेल तर आधी बंद करा. मुळात ते बंदच असतं, पण कुठून तरी कॉपी केलेल्या कॉन्फिगमध्ये सापडतं. त्याने उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे उडतात.

आता मराठीची खास गंमत. वर्डप्रेस स्लग २०० अक्षरांवर कापतं आणि एन्कोड केल्यावर देवनागरीतलं एकेक चिन्ह ९ जागा खातं. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजायचे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'गोदाघाटावरच्या पायऱ्या धोकादायक कधी होतात' याचा स्लग 'गोदाघाटावरच्या-पायऱ्या-ध' एवढाच उरतो. तो सुधारायला जाऊ नका! गूगलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे दुवे तेच तुटके आहेत. नव्या पोस्टना लिहितानाच रोमन लिपीत छोटा स्लग द्या.

एवढं करूनही 'पायऱ्या', 'किनाऱ्यावर', 'शेतकऱ्यांना' असलेली पानं अडली तर ऱ तपासा. तो दोन तऱ्हांनी साठतो: एकसंध ऱ, ३ बाइट, किंवा र आणि खाली नुक्ता, मिळून ६ बाइट. दिसायला एकच, लिनक्सच्या लेखी दोन वेगळी नावं. फोल्डर एका रूपात आणि लेखातला दुवा दुसऱ्या रूपात असला की ४०४. स्लग आणि लेखातले अंतर्गत दुवे दोन्ही एनएफसी (युनिकोडच्या एकसंध) रूपात आणून मगच लिहा.

मेनरोड
तारखेचं सांगतो. एपीआयच्या 'डेट'मध्ये वेळ स्थानिक असते, पण टाइमझोन लिहिलेला नसतो. ह्युगो ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं. सकाळचे ७ यूटीसी म्हणजे आपले दुपारचे १२:३०, आणि भविष्यातली पोस्ट ह्युगो गुपचूप वगळतं, म्हणून एररही नाही. १२:३० नंतरच्या पहिल्या बिल्डला ती येते. ह्युगोच्या कॉन्फिगमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करा, किंवा 'डेट जीएमटी' घेऊन शेवटी झेड (यूटीसीची खूण) जोडा. दोन्हीपैकी एकच.

शेड्यूलचं कारण वेगळं. वर्डप्रेसचा क्रॉन (ठरल्या वेळची कामं चालवणारा भाग) कुणी साइट उघडली की धावतो. पासवर्डमागे येणार कोण? वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'डिसेबल डब्ल्यूपी क्रॉन' खरं करा आणि सर्व्हरच्या क्रॉनमधून दर ५ मिनिटांनी डब्ल्यूपी-सीएलआयने (वर्डप्रेसचं कमांडलाइन साधन) वेळ होऊन गेलेली कामं चालवा. सीएलआय एचटीटीपीने जात नाही, त्यामुळे पासवर्ड आडवा येत नाही. नवं बिल्ड सुरू करायचा इशारा वर्डप्रेसच्या 'सेव्ह पोस्ट' या घटनेवर लावू नका, तो ऑटोसेव्हलाही वाजतो. 'ट्रान्झिशन पोस्ट स्टेटस'वर लावा आणि पोस्ट 'पब्लिश' अवस्थेत येते किंवा तिथून बाहेर पडते तेव्हाच पाठवा.

गोदाकाठ
टाइमझोन टाकला, सकाळची पोस्ट लगेच आली. ४०४ वालं आज रात्री बघतो. अजून एक: वर्डप्रेसमध्ये डिलीट केलेली पोस्ट साइटवर तशीच राहते. आरसिंकला डिलीट (बिल्डमध्ये नसलेल्या फायली सर्व्हरवरूनही पुसणं) लावावं का? आणि मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांच्या लेखनपद्धतीत) बदलायला हवा का?

निफाड लाइन
मार्कडाउनची भानगडच नको, तक्ते आणि गॅलऱ्या मोडतात. फ्रंट मॅटरखाली एचटीएमएल तसंच ठेवून फाइल .एचटीएमएल नावाने लिहा, ह्युगो घेतं.

डिलीट लावा, पण जपून. एपीआय एका वेळी जास्तीत जास्त १०० पोस्ट देतं, म्हणजे तुम्हाला १४-१५ फेऱ्या. नवव्या फेरीला होस्टिंगने ५०३ (सर्व्हर तात्पुरता बंद) दिला आणि स्क्रिप्ट तशीच पुढे गेली, तर आरसिंक उरलेली ६०० पानं चालू साइटवरून पुसून टाकेल. उत्तराच्या हेडरमध्ये एकूण पोस्टचा आकडा येतो. हातात आलेल्या पोस्ट त्याच्याशी जुळल्या नाहीत तर तिथेच थांबा. जुळल्या तरच ह्युगोचे कंटेंट (मजकूर) आणि पब्लिक (तयार पानं) दोन्ही फोल्डर रिकामे करून नव्याने बिल्ड करा. ह्युगो पब्लिकमधली जुनी पानं स्वतःहून काढत नाही, तुमची डिलीट केलेली पोस्ट तिथेच बसलेली असणार.

मेनरोड
यात एक भर. डिलीट लावताना अपलोड्सचं फोल्डर आरसिंकमधून वगळा. चित्रं ह्युगोच्या बिल्डमध्ये नाहीत, पहिल्याच फेरीत साफ होतील.