कनेक्टिकटच्या अंगणात धावता बांबू लावावा का?

प्रश्न
मागील अंगणात शेजाऱ्यांच्या कुंपणालगत हिरवा आडोसा करण्याचा विचार आहे. येथे अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात कडाक्याच्या रात्री तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, तरीही हिरव्या कांड्यावर पिवळी खाच असलेला फिलोस्टॅकिस ऑरिओसल्काटा हा धावता, म्हणजे जमिनीखालून पसरणारा, बांबू तग धरतो, असे समजल्यावरून मी एक रोप आणलेही आहे. सिंधुदुर्गात बांधावरची माणगा बांबूची बेटे पाहत वाढलो. ती जागा सोडत नसत. मग हाच बांबू पसरेल अशी एवढी धास्ती का?

प्रतिसाद १
माणग्याचे जमिनीखालील खोड आखूड असल्यामुळे नवा कोंब जुन्या काठीला खेटून येतो आणि म्हणून त्याचे बेट होते. फिलोस्टॅकिसचे खोड मात्र मातीच्या वरच्या फूटभर थरातून आडवे धावते आणि त्याच्या पेरापेरावरील डोळ्यांतून कोंब काढते. पहिली दोन-तीन वर्षे काहीच घडत नाही असे वाटते, आणि तेथेच आपण फसतो. माझ्याकडे चौथ्या वसंतात कोंब थेट शेजाऱ्यांच्या हिरवळीत उगवले. लावायचाच असेल तर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा ७५ सेंटिमीटर खोल, वरची कड किंचित बाहेर कलती ठेवून गाडावा, म्हणजे धडकलेले खोड वर वळते. कड जमिनीच्या वर ५ सेंटिमीटर हवी, आणि दर शरदात तिच्यावरून डोकावणारी खोडे कापावीत. सांधा जेथे सैल, तेथून बांबू निसटलाच म्हणून समजा.

प्रतिसाद २
कुंपणालगत हीच मुख्य अडचण आहे. कनेक्टिकटमध्ये २०१३ पासून अशा बांबूच्या पसरण्याने झालेल्या नुकसानीची जबाबदारी लावणाऱ्यावर येते, आणि शेजारच्या हद्दीपासून ४० फुटांच्या आत तो अडसराविना जमिनीत लावता येत नाही. आडोसाच हवा असेल तर बेटाने वाढणारा फार्जेसिया रुफा पाहावा. तो अडीच-तीन मीटरच होतो, पण थंडीला पुरून उरतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आणलेले रोप कुंडीत ठेवले तर चालेल का?

प्रतिसाद १
चालेल, मात्र कुंडी मातीवर न ठेवता फरशीवर ठेवावी, कारण तळाच्या छिद्रातूनही खोड बाहेर पडते. कुंडीतील मुळे जमिनीतल्यापेक्षा लवकर गोठतात, तेव्हा हिवाळ्यात तिच्याभोवती गोणपाट व वाळक्या पानांचा जाड थर द्यावा.