मदत हवी आहे: सोलर दोन टप्प्यांत बसवलं तर परवडेल का?

गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवायचं आहे, पण एकदम एवढा खर्च झेपत नाही आणि कर्ज नको आहे. बॅटरी आधीच वगळली. वीज क्वचितच जाते, नेट मीटर (ग्रिडला दिलेली जास्तीची वीज बिलातून वजा करणारा) मिळतो. सावली फक्त संध्याकाळी, तीही टाकीची.

विचार असा, की इन्व्हर्टर आत्ताच ३ किलोवॉटचा घ्यायचा, पॅनेल मात्र निम्मी. उरलेली दोन वर्षांनी. पण एकाच स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेत) कमी करंटचं पॅनेल आलं की बाकीचीही त्याच पातळीला खाली येतात, आणि तेच मॉडेल तेव्हा मिळेलच असं नाही. (विक्रेत्याचं उत्तर: "तेव्हाचं तेव्हा बघू." झालं!)

दोन एमपीपीटीचा (म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे दोन स्वतंत्र इनपुट असलेला) इन्व्हर्टर घेऊन एक बाजू मोकळी ठेवली, तर पुढे वेगळी पॅनेल चालतील का? आणि निम्म्या पॅनेलवर इन्व्हर्टर सुरू होण्याइतकं व्होल्टेज मिळतं का?