मदत हवी आहे: कादंबरीतल्या व्यसनी डिटेक्टिव्हची सेशन्स कोर्टातली उलटतपासणी

मंडळी, रहस्यकादंबरीचा शेवट अडला आहे. स्थळ मुंबई, साल २०१६, म्हणजे जुना पुरावा कायदा आणि जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू. नायक खाजगी डिटेक्टिव्ह, रोज पाऊण बाटली रिचवणारा. दारू अचानक सोडल्यावर साधारण विसाव्या तासाला तो संशयिताला इमारतीतून बाहेर पडताना पाहतो आणि लगेच डायरीत वेळ टिपतो. अक्षर थरथरलेलं, ओळ खाली घसरलेली.

विसावा तास मुद्दाम निवडलाय. या टप्प्यावर भास होऊ शकतात, पण माणूस सहसा भानावर असतो. ४८ ते ९६ तासांतला डेलिरियम घेतला तर स्थळकाळाचंच भान सुटतं, मग वाचक त्याच्यावर विश्वास ठेवणार कसा? तिसऱ्या दिवशी त्याला फिट येते आणि तो हॉस्पिटलात दाखल होतो.

कलमं वाचून झाली आहेत. पुरावा कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे तो साक्ष देऊ शकतो, १५९ प्रमाणे डायरी पाहून आठवण ताजी करू शकतो, आणि १६१ प्रमाणे ती बचाव पक्षाला दाखवावी लागते. सीसीटीव्ही नको, तो आला की रहस्यच संपतं. दुसरा साक्षीदारही नाही.

फौजदारी वकिली करणाऱ्यांनी कृपया सांगावं: बचाव पक्षाला त्याचे हॉस्पिटलचे केसपेपर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली मागवता येतील का? आणि ते शाबीत करायला उपचार करणारा डॉक्टरच लागेल, की रेकॉर्ड विभागातला कर्मचारी चालेल?